चंद्राचा दगड न फोडता आतून बघायचा: ‘अ‍ॅस्ट्रोमटेरियल्स थ्रीडी’ वर्गात वापरल्यावर

दगडाच्या फोटोवर माझा फारसा विश्वास नाही. फोटोत दगडाची एकच बाजू येते, तीही फोटो काढणाऱ्याला आवडलेली. त्यामुळे नासाच्या जॉन्सन स्पेस सेंटरने चंद्रावरून आणलेले खडक आणि अंटार्क्टिकाच्या बर्फावर सापडलेल्या उल्का संगणकावर चारी बाजूंनी फिरवून बघायची सोय केली आहे असं कळलं, तेव्हा मी जरा शंकेनेच ते उघडलं. आता आठवी-नववीच्या मुलांबरोबर ते भरपूर वापरून झालंय. दगड बघायला शिकवणारं याहून चांगलं फुकट साधन मला तरी मिळालेलं नाही. नाव ‘अ‍ॅस्ट्रोमटेरियल्स थ्रीडी’. नाव नोंदवायचं नाही, पैसे भरायचे नाहीत, काही उतरवून घ्यायचं नाही. ब्राउझरमध्ये उघडतं.

मी बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. आमच्या मुलांना दगड नवा नाही. कुणाच्या घराच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, कुणाचे वडील खडीच्या क्रशरवर, कुणाच्या शेताच्या बांधावर काळ्या दगडांची रास. पूर्वेला गोकाकला गेलं की दगडाची जातच बदलते. घटप्रभा जिथे सुमारे 52 मीटर खाली उडी घेते तो कडा कलादगी वालुकाश्माचा, आपल्या काळ्या दगडापेक्षा कितीतरी जुना. म्हणजे एका जिल्ह्यात, एसटीच्या एका प्रवासात, पृथ्वीच्या इतिहासातली तीन वेगळी प्रकरणं दिसतात. मुलं रोज त्यावरून चालतात, पण दगडाला प्रश्न विचारायचा असतो ही सवय नाही. ती सवय लावायला मला चंद्राचा दगड उपयोगी पडला.

आधी हे बनवलंय कसं ते सांगते, कारण कौतुक तिथूनच सुरू होतं. अपोलो मोहिमांत अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेले खडक शुद्ध नायट्रोजन भरलेल्या पेट्यांत ठेवलेले असतात. हवेतला ओलावा आणि ऑक्सिजन लागू नये म्हणून. पेटीला बसवलेल्या हातमोज्यांत हात घालूनच काम करायचं, आणि खडकाला शक्यतो तीनच पदार्थ लागू द्यायचे: स्टेनलेस स्टील, अ‍ॅल्युमिनियम आणि टेफ्लॉन. कारण या तिघांत काय काय असतं ते नक्की माहीत आहे. उद्या एखाद्या खडकात भलतं मूलद्रव्य सापडलं तर ते चंद्राचं की चिमट्याचं, हा वाद उरू नये. असा खडक पेटीतच ठेवून 240 कोनांतून त्याचे फोटो घेतात. कॅमेरा हॅसलब्लाडचा, 400 मेगापिक्सेलपर्यंत जाणारा. चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांच्या छातीवर याच कंपनीचे कॅमेरे होते. त्या सगळ्या फोटोंमधले एकसारखे ठिपके जुळवून संगणक खडकाचा बाहेरचा आकार उभा करतो. मग खडक सीलबंद पिशव्यांत गुंडाळून त्याचा क्ष-किरण सीटी स्कॅन होतो, आपल्याकडे दवाखान्यात डोक्याचा करतात तसाच, पण फार बारीक. शेवटी बाहेरचा आकार आणि आतला स्कॅन एकावर एक बसवतात. हा प्रकल्प उभा करणाऱ्या एरिका ब्लूमेनफेल्ड या मुळात कलाकार आहेत. ते मॉडेल पाहताना जाणवतं. प्रकाश, रंग, पोत यांच्याबाबतीत कुठे घाई केलेली नाही.

वर्गात मी पहिल्यांदा दाखवला तो 60639 क्रमांकाचा खडक. अपोलो 16 ने 1972 मध्ये आणलेला. हे यान उतरलं होतं चंद्राच्या डोंगराळ भागात, देकार्तच्या पठारावर. तिथला हा खडक म्हणजे वेगवेगळ्या तुकड्यांचा एकत्र झालेला गोळा. उल्का आदळत गेल्या, खडक फुटत गेले, तुकडे पुन्हा एकमेकांना चिकटले. फिकट अंगाच्या या खडकात एक गडद तुकडा बसलाय, आणि तो आहे बेसाल्टचा, म्हणजे लाव्हारस थिजून झालेल्या काळ्या दगडाचा. चंद्रावरचे काळे सपाट डाग असतात ना, तिथला दगड. डोंगराळ भागात तो आपोआप येणार नाही, कुठल्यातरी आघाताने उडून आलेला. मुलांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. नुसता फिरवत होते. क्रशरवर वडील असलेला एक मुलगा मागच्या बाकावरून म्हणाला, “बाई, थांबा थांबा. ह्यो दुसराच दगड हितं कसा आला?”

शास्त्रज्ञांनी 60639 ला विचारलेला प्रश्नही हाच. एका कोनातल्या फोटोत तो काळा तुकडा म्हणजे नुसती सावली वाटली असती. फिरवल्यावर कळतं की तो रंग खडकाचाच आहे.

त्याच मुलाचं पुढचं वाक्य माझ्या लक्षात राहिलंय. “आमचे पप्पा म्हणतात, फोडल्याबगर दगड कळत न्हाई.” बरोबर आहे त्यांचं. भूशास्त्रज्ञाच्या हातातही हातोडी असते ती त्यासाठीच. पण हा खडक फोडला की संपला, दुसरा आणायला कोण जाणार? म्हणून स्कॅन. मी काप घ्यायची पट्टी सरकवली आणि खडकाचं अंग बाजूला होत आतला करडा भाग दिसू लागला. सीटी स्कॅनमध्ये जड पदार्थ उजळ दिसतात आणि हलके गडद. लोह-टायटॅनियमची खनिजं चमकतात, फेल्डस्पार हे फिकट रंगाचं खनिज मंद, पोकळ्या अगदी काळ्या. काप पुढे-मागे सरकवत मुलं एखाद्या उजळ कणाचा आत माग काढतात. “बाई, आत बघाय येतंय की ओ!” असा ओरडा झाला तेव्हा शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहिले, आणि तास संपेपर्यंत तिथेच होते.

संग्रहातल्या प्रत्येक खडकाचा असा अवतार अजून झालेला नाही. अपोलोच्या सहा मोहिमांनी 1969 ते 1972 या काळात 382 किलो खडक-माती आणली, तिची विभागणी सुमारे 2,200 नमुन्यांत आहे. त्यातले निवडक इथे आहेत, शिवाय काही उल्का. बाकीच्यांसाठी नासाची साधी नमुना-सूची आहे, त्यात फोटो आणि माहिती मिळते. दोन्ही शेजारी उघडून ठेवली तर खरी मजा. सूचीत 15016 बघा. अपोलो 15 चा हा बेसाल्ट भोकाभोकांचा आहे, लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांनी झालेला. त्याला ‘सीटबेल्ट’ दगड म्हणतात. अंतराळवीर डेव्ह स्कॉटला तो चंद्रावरच्या गाडीतून जाताना दिसला. वेळ कमी होता, थांबायची परवानगी मिळायची नाही, म्हणून पट्टा नीट करायचाय असं सांगून तो उतरला आणि दगड उचलून आला.

हा दगड दाखवताना मी टेबलावर आपला जाळीदार काळा दगड ठेवते. भोकं दोन्हीकडे. पण आपल्या दगडाची पुष्कळ भोकं पांढऱ्या खड्यांनी भरलेली असतात, झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यानंतर त्याच्या भेगांतून पाणी फिरत राहिलं आणि भोकांत खनिजं साठवत गेलं. 15016 तीनशे कोटींहून अधिक वर्षं जुना आहे आणि त्याची भोकं आजही रिकामी आहेत. तिथे भेगांतून फिरायला पाणीच नव्हतं. पाणी नसलेली जागा म्हणजे काय, हे पुस्तकातल्या वाक्यापेक्षा या दोन दगडांनी मुलांना चटकन समजलं. दुसरी खूण म्हणजे चंद्राच्या खडकांवरचे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, आत वितळलेल्या काचेचं अस्तर असलेले. धुळीच्या कणाएवढ्या उल्का थेट येऊन आपटतात, अडवायला हवा नाही. खडकाची जी बाजू आकाशाकडे होती तिच्यावर हे खड्डे जास्त. म्हणजे तो कसा पडला होता हेही त्याच्याच अंगावर लिहिलेलं. मॉडेल फिरवत ही वरची बाजू शोधायची, हा आता आमच्याकडे एक खेळच झालाय.

पण मला यात सगळ्यात मोलाची वाटली ती नोंद.

खडकाच्या नावापासून बघा. 15 ने सुरू होणारे पाच अंकी क्रमांक अपोलो 15 चे, 6 ने सुरू होणारे अपोलो 16 चे, 7 वाले अपोलो 17 चे. शेवटच्या दोन मोहिमांत दुसरा अंक खडक कुठल्या थांब्यावर उचलला ते सांगतो. 60639 मधलं शून्य म्हणजे यान उतरलं त्याच परिसरातला. पुढे खडकाचा कणभर तुकडा काढून कुणाला अभ्यासाला दिला, तरी त्याला स्वल्पविराम देऊन स्वतःचा क्रमांक मिळतो आणि तो कुठे गेला, किती वजनाचा होता, किती परत आला हे लिहिलं जातं. याची सुरुवात चंद्रावरच होते. खडक उचलण्याआधी फोटो, उचलल्यावर त्याच जागेचा फोटो. शेजारी एक तिपाई ठेवायची, तिच्यातली काठी नेहमी सरळ लोंबणारी, पायावर रंगांच्या पट्ट्या. काठीच्या सावलीवरून दिशा कळते, पट्ट्यांवरून खरा रंग. पुढे प्रयोगशाळेत त्याच खडकावर तसाच तिरपा प्रकाश पाडून, सावल्या जुळवून, तो चंद्रावर कसा पडला होता हे शोधलं गेलं. 1 ऑगस्ट 1971 ला स्कॉट आणि जिम आयर्विन यांना स्पर नावाच्या विवराच्या काठी पांढरा खडक दिसला, 15415, पुढे ‘जेनेसिस रॉक’ म्हणून गाजलेला. तो दुसऱ्या मातकट खडकावर चौरंगावर ठेवल्यासारखा बसला होता, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते तेव्हाच्या नोंदीमुळे.

हे सगळं मी एवढं सांगतेय त्याला कारण आहे. शाळांच्या कपाटांत दगडांचे डबे असतात. कुणीतरी आवडीने गोळा केलेले, चिठ्ठ्या लावलेले. आपल्याकडचा पाऊस आणि कसर मिळून त्या चिठ्ठ्या खाऊन टाकतात. दगडाला काहीच होत नाही, तो तसाच राहतो. पण कुठला, कुणी आणला, कधी, जमिनीवरचा की विहिरीतून निघालेला, हे गेलं की तो दगड अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नाही. मुलांना हे पटवायला मी फार बोलून पाहिलं होतं. एका चंद्रखडकाच्या तुकड्या-तुकड्याचा हिशेब पाहून ते आपोआप पटलं.

नीट जपलं तर काय मिळतं याचं उदाहरणही द्यायला हवं. अपोलो 15 आणि 17 ने आणलेल्या ज्वालामुखी काचेच्या बारीक मण्यांत पाण्याचा अंश असल्याचं 2008 मध्ये दिसून आलं. मणी तेच, पण इतकं सूक्ष्म मोजणारी उपकरणं आधी नव्हती. डिसेंबर 1972 मध्ये चंद्रावर नळीत भरलेला आणि सीलबंद ठेवलेला 73001 हा नमुना तर थेट 2022 मध्ये उघडला. तो न उघडता ठेवण्याचा निर्णय घेणाऱ्यांनी पुढच्या पिढीवर किती विश्वास टाकला होता! उघडण्याआधी त्याचाही सीटी स्कॅन झाला, म्हणजे नळीत काय कुठे आहे ते हात लावण्यापूर्वीच माहीत. सगळा संग्रह एका जागी ठेवलेलाही नाही. मुख्य साठा ह्यूस्टनला, एक हिस्सा दूर न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला. पूर आला, वादळ आलं, तरी काहीतरी उरावं. डिजिटल प्रत हा याच विचारातला पुढचा टप्पा आहे. मूळ खडकाची जागा ती घेत नाही, पण दर वेळी पेटी उघडायची गरज कमी करते. कुठून तुकडा काढायचा हे शास्त्रज्ञ आधी पडद्यावर ठरवू शकतात.

आता जे यात मिळत नाही ते. वजन मिळत नाही. बेसाल्ट हातात घेतला की मनगटाला कळतो, हलका जांभा वेगळा लागतो, ती जाण पडद्यावर येत नाही. खिळ्याने ओरखडा काढता येत नाही, हातोडीचा आवाज नाही, ओल्या दगडाचा वास नाही. म्हणून मी हे कधीच एकटं वापरत नाही. हातात आपला दगड, समोर चंद्राचा, अशीच जोडी हवी. नुसतं पडद्यावर दाखवून तास उरकणार असाल तर मुलं दहा मिनिटं फिरवतील आणि विसरतील. दुसरं, मॉडेल जड आहेत. मोबाइलवर उघडतात, पण आमच्याकडे रेंज येते-जाते, त्यामुळे मी संगणकावर तासाच्या आधीच उघडून ठेवते. आणि सगळी माहिती इंग्रजीत आहे. आमची मुलं घरी मराठी, बाजारात कानडी बोलतात, इंग्रजीचा परिच्छेद आला की गप्प होतात. मी प्रत्येक खडकासाठी अर्ध्या पानाची मराठी टिपणं केली आहेत आणि एका मैत्रिणीने त्यातली काही कानडीत उतरवली.

याच्या जोडीला ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा व्हर्च्युअल मायक्रोस्कोप बघाच. खडकाचा प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, ते तिथे घरबसल्या करता येतं. अपोलोचे कापही आहेत. काप फिरवला की खनिजांचे रंग बदलतात. रंगीत काचांसारखा तो देखावा मुलं सोडायला तयार नसतात. थ्रीडीत खडकाचं अंग आणि पोट दिसतं, इथे त्याचे कण. दोन्ही मिळून चित्र पुरं होतं.

आम्ही पुढे आपल्या दगडांवरही हाच प्रयोग केला. पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका, त्यावर काळ्या शाईने क्रमांक, वहीत गाव, जागा, तारीख, आणणाऱ्याचं नाव. मग पोळपाटावर दगड, मागे साधी पांढरी चादर, मोबाइल एका जागी पक्का, आणि पोळपाट थोडं थोडं फिरवत फोटो. मागची जागा एकरंगी लागतेच, नाहीतर संगणकाला वाटतं की काहीच हललं नाही. इंजिनिअरिंगला गेलेल्या एका माजी विद्यार्थ्याने ते फोटो मेशरूम या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घालून दिले. काळा दगड आणि जांभा सुरेख उतरले. गारगोटीचा खडा मात्र जमला नाही, चकाकणाऱ्या आणि आरपार दिसणाऱ्या पृष्ठभागावर एकसारखे ठिपके पकडता येत नाहीत. ऊन नको, ढगाळ उजेड हवा. आपल्या जूनमधल्या आभाळाएवढा चांगला उजेड विकतही मिळणार नाही.

हे आपल्या देशासाठीही लवकरच जवळचं होणार आहे. चंद्रावरून नमुने आणायच्या चांद्रयान-4 मोहिमेला सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, खर्च 2,104.06 कोटी रुपये. आधीच्या लँडरच्या चाचण्यांसाठी इस्रोने तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा अ‍ॅनॉर्थोसाइट, म्हणजे मुख्यतः फेल्डस्पारचा बनलेला फिकट खडक, दळून चंद्रासारखी माती तयार केली होती, आणि जेनेसिस रॉकही अ‍ॅनॉर्थोसाइटच. इतर देश याच वाटेवर आहेत: जपानने 2020 मध्ये र्‍युगू लघुग्रहाचे सुमारे 5.4 ग्रॅम आणले, अमेरिकेने 2023 मध्ये बेन्नूचे 121.6 ग्रॅम, चीनने 2024 मध्ये चंद्राच्या पलीकडच्या बाजूचे 1,935.3 ग्रॅम. आपले नमुने येतील तेव्हा त्यांची अशी उघडी, फिरवता येणारी प्रत पहिल्या दिवसापासून असावी, आणि तिच्याखाली मराठी-कानडीसह सगळ्या भाषांत माहिती असावी, असं मला मनापासून वाटतं. आणायचा खर्च सगळ्यांचा आहे, तर खडक बघायचा हक्कही खानापूरच्या जंगलातल्या शाळेपर्यंत पोचला पाहिजे.

ज्यांना वर्गात सुरुवात करायचीय त्यांनी एका तासाला एकच खडक घ्यावा. आधी काहीही न सांगता मुलांना फिरवू द्यावा, मग काप, मग क्रमांकाचा अर्थ, आणि माहिती सगळ्यात शेवटी. उल्का दुसऱ्या तासाला. मराठी टिपणं खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या कुणा शिक्षकांना हवी असतील तर कळवा, पाठवते. कानडीतली अजून थोडीच झाली आहेत, तिथे मदत करणारं कुणी असेल तर हवंच आहे.